गिरडचे नारळ

शंकेखोर : वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवरचा गोल गोटा उचलून त्यावर ‘मेसोलाइट’ अशी चिठ्ठी डकवणारा तुमच्यासारखा हौशी संग्राहक आणि त्याच गोट्याला दगड झालेला नारळ म्हणून हात जोडणारा यात्रेकरू, या दोघांत ज्ञानाच्या दृष्टीने नेमके किती अंतर आहे, असा माझा प्रश्न आहे, आणि तो मी चेष्टेने विचारत नाही. यात्रेकरूच्या बाजूला निदान एक सुसंगत कैफियत आहे, आणि ती मध्यप्रांताच्या जुन्या गॅझेटियरातही रुजू झालेली आहे : टेकडीवर वास्तव्य करणाऱ्या शेख ख्वाजा फरीद यांची दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी टवाळी केली, तेव्हा शिक्षा म्हणून त्यांच्याजवळच्या नारळांचे आणि इतर सगळ्या मालाचे दगड झाले, पुढे ते शरण आले, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल उत्पन्न करून दिला, आणि हा चमत्कार पाहून ते दोघेही आमरण त्याच्या सेवेत राहिले. (कथेचा पूर्वार्ध ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, पानांची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही, हे आपले जाता जाता.) गॅझेटियरकाराने या गोट्यांना आपल्या शब्दांत ‘झिओलाइटी’ म्हटले आणि तेथेच लेखणी थांबवली. झिओलाइट हे काही एका खनिजाचे नाव नव्हे, ते कुळाचे नाव आहे, आणि त्या कुळात आज ८० हून अधिक खनिजांची गणना होते. सरकारी दफ्तराने जेथे कुळावर समाधान मानले, तेथे खिशातल्या भिंगाच्या बळावर तुम्ही व्यक्तीपर्यंत जाता, हे धाडस कोणत्या आधाराने?

संग्राहक : तो लेखक थांबला यात शहाणपण होते, हे मी मान्य करतो, परंतु थांबण्यापूर्वी तो किती चालून आला होता, हेही लक्षात घ्यावे. लाव्हारस निवत असताना त्यातील वायूचे बुडबुडे थराच्या वरच्या अंगाला अडकून राहिले, त्यांच्या पोकळ्यांत मागाहून झिरपलेल्या पाण्याने कणाकणाने खनिजे आणून बसवली, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या अवधीत भोवतालची काळवत्री झिजून तिचा मुरूम झाला, तेव्हा त्या भरलेल्या पोकळ्या सुट्या गोट्यांच्या रूपाने उघड्या पडल्या, एवढी सगळी हकिकत त्या एका विशेषणात गृहीत आहे. मी तिच्यापुढे जातो तो असा. गोटा घरी आणला म्हणजे प्रथम त्याच्या फुटक्या कडेने काच ओरखडून पाहतो. काचेवर स्पष्ट चरा उमटला तर ती गारगोटीच्या जातीची वस्तू, तिची कठिनता ७, आणि तिचा प्रश्न तेथेच मिटतो. चरा उमटला नाही तर सौम्य आम्लाचा थेंब टाकतो. थेंब फसफसला तर त्यात कॅल्साइट आहे. फसफसला नाही तर सोनाराच्या जुन्या तराजूच्या पारड्याखाली दोऱ्याने तुकडा टांगून एकदा हवेत आणि एकदा पाण्यात तोलतो. विशिष्ट गुरुत्व कॅल्साइटचे २.७ आणि बहुतेक झिओलाइटांचे २.३ च्या आतबाहेर, तेव्हा येथेही निवाडा संशयास पात्र राहत नाही. या प्रत्येक पायरीवर काही नावे निकालात निघतात. शेवटी जे नाव उरते ते मी शोधले असे म्हणण्यापेक्षा बाकीची टिकली नाहीत असे म्हणणे अधिक रास्त होईल.

शंकेखोर : हा क्रम ऐकावयास फार सुबक वाटतो, पण तो कुळाच्या उंबरठ्यापर्यंतच चालतो, आत पाऊल टाकले की तुमची सर्व आयुधे बोथट होतात. चिनी मातीच्या बशीच्या बुडाशी जी बिनझिलईची कड असते तिच्यावर घासून तुम्ही खनिजाचा कस पाहता, पण झिओलाइटांपैकी ज्याला घ्यावे त्याचा कस पांढरा. कठिनता साडेतीन ते साडेपाच यांच्या दरम्यान सगळे दाटीवाटीने बसलेले. विशिष्ट गुरुत्व पाहू जावे, तर गोट्याच्या पोटात पुन्हा लहान पोकळ्या असतात आणि तुमचा तराजू हवाच तोलून मोकळा होतो. ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट ही दोन खनिजे घ्या. १९९७ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने झिओलाइटांची नावे नव्याने ठरवून दिली, तेव्हा या दोहोंची सीमा कशावर आखली? सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रमाणावर : चारच्या खाली ह्यूलँडाइट, चार किंवा त्याच्या वर क्लिनोप्टिलोलाइट. स्फटिकाची घडण तीच, मोत्यासारखी चमक तीच, एका दिशेने सुटणारे पापुद्रे तेच. आणि नाव मात्र एका भागाकाराच्या उत्तरावर. हा भागाकार तुमच्या घरी कोण करतो? ज्या अर्थी कोणी करीत नाही, त्या अर्थी तुमच्या पेटीतील ह्यूलँडाइटाची चिठ्ठी ही संकेताची बाब झाली, ओळखीची नव्हे.

संग्राहक : ह्यूलँडाइटाविषयी तुमचे म्हणणे मला निमूटपणे मान्य केले पाहिजे. पण एका सीमेवर मला अडवले म्हणून सगळ्या सीमा बंद झाल्या असे समजू नका. पोकळीच्या भिंतीपासून आत किरणांसारख्या पसरलेल्या पांढऱ्या सुयांचा गोटा घ्या, कारण ज्याचे नाव घेऊन तुम्ही वादाला आरंभ केलात ते मेसोलाइट याच रूपाने भेटते. या सुया तीन खनिजांच्या असू शकतात : नॅट्रोलाइटात सोडियम, स्कोलेसाइटात कॅल्शियम, मेसोलाइटात दोन्ही, आणि नुसत्या डोळ्यांना तिघेही एकसारखे. प्रथम त्या सुयांची पूड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात काही काळ ठेवतो. या तिघांची पूड तेथे थिजून चिकट लगदा होते, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट यांची होत नाही, तेव्हा निदान घराणे निश्चित झाले. मग बारीक सुई चिमट्यात धरून ज्योतीत नेतो. नॅट्रोलाइट सहज वितळते आणि ज्योत पिवळी करते. स्कोलेसाइट तापले की पुष्कळदा वळवळत आकसते. आणि एवढ्याने खात्री पटली नाही तर महाविद्यालयाने मोडीत काढलेले सूक्ष्मदर्शक आहे आणि त्याच्या वरखाली आडवे-उभे लावलेले दोन ध्रुवक पडदे आहेत. त्यांच्या मध्ये सुई फिरवीत गेलो तर नॅट्रोलाइटाची सुई आडव्या तारेला समांतर येताच काळोखते, स्कोलेसाइटाची तारेशी तिरकी असताना काळोखते, आणि मेसोलाइट मुळातच इतके अंधूक उजळते की त्याचा तो मंदपणा हीच त्याची साक्ष ठरते. यात काही लाखांची यंत्रसामग्री नाही. सवड आणि चिकाटी यांचे काम आहे.

शंकेखोर : सवडीने आणि चिकाटीने तुम्ही एका सुईचे नाव काढलेत, चिठ्ठी मात्र गोट्याला डकवलीत. या तीन खनिजांचा एक खोडसाळपणा तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असणार : एकच सुई बुडाशी एक आणि टोकाशी दुसरे असू शकते, एकाच्या अंगावर दुसरे त्याच दिशेने वाढलेले असते. मग तुम्ही तपासलेला टोकाचा तुकडा उरलेल्या गोट्याचा मुखत्यार कसा? आणि ही फसगत हौशी माणसाचीच होते असेही नाही. आपल्याच मुलखातील दाखले पाहा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळ टाकळी येथील थरांतून जीवाश्म आणि खडक गोळा केले. तेथल्या एका गवती हिरव्या खनिजाला सॅम्युएल हॉटन या आयरिश शास्त्रज्ञाने १८५९ साली हिस्लॉपाइट असे नाव दिले, आणि हिस्लॉपांचे सहकारी हंटर यांच्या नावाने दुसऱ्याला हंटराइट. आज खनिजांच्या यादीत स्वतंत्र खनिज म्हणून दोन्ही नावे उरली नाहीत. हिस्लॉपाइट म्हणजे पोटात हिरवे द्रव्य भिनलेला साधा कॅल्साइट निघाला. नागपुरात हिस्लॉपांचे नाव टिकले ते महाविद्यालयामुळे. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मोरने मँगनीजच्या खाणींचा अभ्यास करून १९०९ मध्ये आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. छिंदवाड्याकडील सीतापार गावावरून त्याने जे सीतापाराइट ठरवले, ते अमेरिकेत आधीच सापडलेले बिक्स्बाइट ठरले. आणि नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या ज्या खनिजाला त्याने सहकाऱ्याच्या नावावरून व्हरेडनबर्गाइट म्हटले, ते झिलई करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच एकमेकांत गुंतलेल्या दोन खनिजांचे मिश्रण दिसले. ज्याचा आयुष्याचा व्यवसायच हा, त्याचे हे. मग तुमची चिठ्ठी किती दिवसांची पाहुणी?

संग्राहक : ती पाहुणी आहे यात मला कमीपणा वाटत नाही. पण तुमच्या दाखल्यांतून निघणारा निष्कर्ष मला निराळा दिसतो. सीतापाराइट खोटे ठरू शकले, कारण फर्मोरने ते कोणत्या गावचे आणि कसे होते हे लिहून ठेवले, आणि नमुने जपले गेले. त्याने सावधपणे ‘काळे जड मँगनीज’ एवढेच लिहून हात झटकले असते तर कोणालाही त्याची चूक काढता आली नसती आणि खनिजाविषयी कोणाला काही नवे कळलेही नसते. शिवाय प्रयोगशाळेचा शब्द तो अखेरचा आणि डोळ्याचा शब्द तो कच्चा, ही वाटणीही मला पुरती मान्य नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हान्साइट नावाचे झळझळीत निळे खनिज सापडते. त्याचे प्रथम वर्णन अमेरिकेतील नमुन्यांवरून १९७३ साली झाले, पण त्याचे उत्तम नमुने जगाला मिळाले ते वाघोलीतून. तेथेच पेंटागोनाइट म्हणून दुसरे खनिज मिळते. दोघांचे रासायनिक घटक तेच, प्रमाण तेच, निळाईही तीच. भेद फक्त अणूंच्या रचनेचा. तुमचा भागाकार येथे करून पाहा, दोहोंचे उत्तर एकच येईल. उलट पेंटागोनाइटाचे पाच स्फटिक जुळून जो तारा होतो, तो साध्या भिंगाखाली ओळखू येतो. अर्थात तारा झालेला नसेल तर मीही आंधळाच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते विचारण्याची तसदी नको.

शंकेखोर : तसदी मी घेणारच होतो. परंतु आता मी आक्षेप दुसऱ्या बाजूने मांडतो, कारण या बाजूने तुम्ही कबुली देत देत निसटता. नाव दिल्याने काय होते, हे पाहू. बोरघाटात लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले असताना डोंगराच्या पोटातून ॲपोफिलाइटाचे आणि झिओलाइटांचे अप्रतिम स्फटिक निघाले आणि ते परदेशच्या संग्रहालयांत जाऊन बसले. तेव्हापासून आपल्या या काळ्या खडकाला किंमत आली, आणि किंमत येताच चिठ्ठ्या बिघडल्या. कित्येक जुन्या नमुन्यांवर नुसते ‘पूना’ असे लिहिलेले असते, नव्यांवर ‘जळगाव’ किंवा ‘नाशिक’. खाण कोणती, थर कोणता, याचा पत्ता नाही, कारण व्यापाऱ्याला आपला झरा दुसऱ्याला दाखवायचा नसतो. म्हणजे खनिजाचे नाव बिनचूक आणि जन्मस्थान खोटे, असा हा कारभार. तुमच्या छंदाने नावाला जी प्रतिष्ठा दिली तिचा हा परिपाक नव्हे काय? गोट्याला नाव नसते तर त्याला भाव आला नसता.

संग्राहक : भावाचा हा दोष मी नाकारीत नाही, परंतु त्याची जबाबदारी नावावर टाकणे मला न्यायाचे वाटत नाही. उलट याच कारणास्तव माझ्या चिठ्ठीवर गावाचे नाव वर येते आणि खनिजाचे खाली. खनिज कोणते हे पन्नास वर्षांनी दुसरा कोणी अधिक चांगल्या साधनांनी ठरवील. तो गोटा कोणत्या नाल्याच्या कोणत्या अंगाला, किती वर, झिजल्या मुरमात सुटा की खडकात रुतलेला मिळाला, हे मात्र त्याला कोणत्याही यंत्रातून कळणार नाही. आणि येथेच मला गिरडच्या यात्रेकरूविषयी तुमच्याहून अधिक आदर वाटतो. त्याने प्रथम आकार पाहिला. खनिजाची ठेवण पाहणे ही आमचीही पहिलीच पायरी आहे. मग त्याने हे ताडले की भोवतालच्या काळ्या खडकाहून हे गोटे भिन्न आहेत, ते या डोंगराचे नव्हेत, मागाहून आले आहेत. कथेतील व्यापारी बाहेरून आले, माल बाहेरून आला. खडक आधी आणि गोटा नंतर, हा क्रम त्याने चुकवला नाही. तो चुकला तो कारणात.

शंकेखोर : येथे मी तुम्हाला थांबवतो, कारण ही उदारता मला संशयास्पद वाटते. श्रद्धेच्या कथेला शास्त्राची झूल चढवून तिचा गौरव करणे म्हणजे कथेचाही अपमान आणि शास्त्राचाही. यात्रेकरूने क्रम वगैरे काही ताडला नाही. त्याने फकिराचे सामर्थ्य सांगितले, आणि मस्करी करणाऱ्याला चाप लावला. नारळाऐवजी तेथे दुसरा एखादा आकार असता तर कथा त्या आकाराची झाली असती. पण त्या कथेने एक गोष्ट केली, जी तुमच्या भिंगाला साधणार नाही : ते गोटे कथेसह टेकडीवर राहिले. ज्याला त्यात शापित माल दिसतो तो तो माल उचलून घरी नेताना दहादा विचार करील; हिंदू असो की मुसलमान, फकिराच्या दर्ग्याला येणारा माणूस त्या वस्तूला एका जागेची मानतो. तुम्ही जागेचे माहात्म्य चिठ्ठीवर लिहिता आणि वस्तू जागेवरून हलवता. जन्मस्थान एवढे मोलाचे, तर गोट्याला त्याच्या जन्मस्थानी राहू का देत नाही?

संग्राहक : हा तुमचा आजचा सर्वांत कठीण प्रश्न, आणि त्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. दर्ग्याच्या टेकडीवरून मी गोटा उचलीत नाही. तेथे बसून पाहतो, वहीत आकार काढतो, हिरवट साल आहे की तांबूस एवढे टिपतो, आणि उठतो. माझ्या पेटीतले नमुने पायथ्यापलीकडच्या शेतांतले आहेत, जेथे पऱ्हाटीच्या वावरात नांगराबरोबर असे गोटे वर येतात आणि शेतकरी ते वेचून धुऱ्यावर फेकतो. त्याची परवानगी घेतली की तो उलट मलाच दोन टोपल्या घेऊन जा म्हणतो. पण हा खुलासा मला वाचवीत नाही हेही मी जाणतो, कारण फोडल्यावाचून, जाळल्यावाचून, आम्लात घातल्यावाचून मला काहीच कळत नाही, आणि गोटा कुठला का असेना, कळण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

शंकेखोर : तर मग खुलाशातून आणखी एक गोष्ट निघते, तीही पदरात घ्या. दख्खनचा हा पठारी खडक म्हणजे एकावर एक निवलेले थर. एका थराच्या पोकळ्यांत जे खनिज भरले तेच वरच्या थराच्या पोकळ्यांत भरले असेल असा नियम नाही. वावर खाली आणि दर्गा वर. वावरातील गोटा उतारावरून घरंगळत आला की तेथल्याच थरातून सुटला, याचा पुरावा नांगराने पुसून टाकला. म्हणजे तुम्ही मेसोलाइट ठरवले ते वावरातल्या गोट्याला. टेकडीवरच्या ज्या गोट्यापासून मी आरंभ केला त्याच्याविषयी तुम्ही अद्याप चकार शब्द काढलेला नाही. चिठ्ठीवर मात्र दोघांचेही गाव एकच : गिरड.

संग्राहक : खरे आहे. निदान तेवढ्यापुरती चिठ्ठी मला बदलली पाहिजे. ‘गिरड’ पुसून वावराची दिशा आणि टेकडीपासूनचे अंतर लिहिले पाहिजे, आणि मेसोलाइटापुढे प्रश्नचिन्ह घातले पाहिजे. पण तुम्हीही एक सांगा. लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ मध्ये तेथल्या खडकात आघाताने काच झालेले फेल्डस्पार म्हणजे मॅस्केलिनाइट ओळखले गेले, आणि पावणेदोन किलोमीटरहून रुंद असलेल्या विवराचा फैसला सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांनी केला. त्या दिवशी कोणी ‘काचेसारखे काही तरी’ असे सावध लिहिले असते तर वाद आजही चालू असता. नाव घेतल्यावाचून ज्या गोष्टी सिद्धच होत नाहीत त्यांचे तुम्ही काय करता?

शंकेखोर : ते नाव ज्या परीक्षांवर उभे होते त्या परीक्षा छापून आल्या, म्हणून फैसला झाला. मी तुमच्याकडे तेवढेच मागतो. प्रश्नचिन्हाचा मला भरवसा नाही. तुमच्या पश्चात पेटी दुसऱ्याच्या हाती जाईल, तो चिठ्ठ्यांची नक्कल करील, आणि पहिल्या नकलेत प्रश्नचिन्ह गळेल. त्यापेक्षा नाव मुळीच लिहू नका. काचेवर चरा नाही, आम्लात लगदा झाला, दोन पडद्यांमध्ये मंद उजळले, असे जे केले आणि जे दिसले तेच लिहा. नक्कल करणाऱ्याला त्यातले काही गाळावेसे वाटले तरी खोटे काही लिहिता येणार नाही.

संग्राहक : आणि ते वाचील कोण? मेसोलाइट हा एक शब्द मी लिहिला तर वर्ध्याचा विद्यार्थी, पुण्याचा अध्यापक, परदेशचा एखादा संग्राहक, ज्याला त्याची गरज आहे तो त्या पेटीपर्यंत येईल, आणि आला तर मला खोडूनही काढील. नुसत्या परीक्षांचा जबाब लिहून ठेवला तर तो निर्दोष राहील आणि कपाटात पडून राहील.

शंकेखोर : चुकीचे नाव ऐकून चार माणसे आलेली तुम्हाला चालतील?

संग्राहक : त्या चौघांपैकी एकाने जरी सुई पुन्हा पडद्याखाली धरली तरी चालतील. पण बाकीचे तिघे ते नाव तसेच घेऊन परत गेले तर काय, हे तुम्ही विचारण्याआधीच मला दिसते आहे.

शंकेखोर : तेच तर विचारतो आहे.